किझिलजाहमामला जाताना: तुर्कस्तानातील डोंगरी तालुक्यात गरम पाण्याचे झरे अनुभवण्याचा योग्य क्रम

किझिलजाहमाम हा अंकारा प्रांताच्या उत्तर भागातला, क्योरोलू डोंगररांगेतला तालुका आहे. राजधानीपासून तो सुमारे ८० किलोमीटरवर असून गावाची उंची हजार मीटरच्या आसपास आहे. इस्तंबूल आणि कपादोक्याच्या ठरीव सहलीला दोन-तीन दिवस जोडून इथे येणाऱ्या मंडळींच्या हातून त्याच त्या चुका होतात. खोली आधी ठरवली जाते आणि व्हिसाची अट नंतर वाचली जाते. नेमके शनिवारी दुपारी गावात पोहोचणे होते. कुंड स्त्री-पुरुषांसाठी वेगळे आहे हे दारात उभे राहिल्यावर कळते. शेवटी भरपेट जेवून पाऊण तास गरम पाण्यात बसल्यामुळे रात्र गरगरण्यात जाते आणि दुसऱ्या दिवशीचा डोंगर हुकतो. यातली जवळजवळ प्रत्येक चूक माहितीच्या अभावापेक्षा क्रम चुकल्यामुळे होते, म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत.

## टप्पा १: सर्वांत आधी प्रकृतीची परवानगी

तिकिटांच्या आधी डॉक्टर, हा क्रम अनेकांना उलटा वाटतो. परंतु घरातल्या ज्या व्यक्तीच्या गुडघ्यांसाठी किंवा कंबरेसाठी हा प्रवास आखला जातो, तिलाच पुष्कळदा गरम पाणी वर्ज्य असते, आणि हे तिथे गेल्यावर समजले तर सगळ्यांचाच विरस होतो.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, अपस्मार, कर्करोगावरचे चालू उपचार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ताप किंवा उघडी जखम असेल, तर स्वतःच्या डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय थर्मल कुंडात उतरू नये. सांधा लाल होऊन सुजलेला असतानाही गरम पाणी टाळावे, कारण त्याने सूज उतरण्याऐवजी वाढू शकते.

डॉक्टरांना नुसते ‘गरम पाण्यात बसले तर चालेल का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘चालेल’ असेच मिळते. ‘३८ ते ४० अंश सेल्सिअस पाण्यात गळ्यापर्यंत पंधरा मिनिटे बसायचे आहे, तर माझ्या चालू औषधांसह ते चालेल का’ असा नेमका प्रश्न विचारावा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब गरम पाण्यात आणखी खाली येतो. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या शरीरात उष्णतेमुळे ते जलद शोषले जाते आणि साखर अचानक उतरू शकते. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झालेल्यांना पाणी भाजते आहे हेच कळत नाही. त्यांनी पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घ्यावा.

औषधांची यादी मूळ रासायनिक नावांसह कागदावर लिहून सोबत ठेवावी. भारतातली कंपन्यांनी दिलेली नावे तिथल्या औषधविक्रेत्याला कळणार नाहीत, मूळ नाव मात्र कळते.

इशारा: दोन दिवसांत दुखणे बरे होईल अशी अपेक्षा ठेवू नये. तुर्कस्तानात पाण्याचा उपचार म्हणून जो क्रम दिला जातो तो वैद्यकीय देखरेखीखाली साधारण दोन ते तीन आठवडे चालतो. दोन दिवसांच्या मुक्कामात अंग मोकळे होते आणि झोप चांगली लागते. तेवढ्यावर समाधान मानावे.

## टप्पा २: खोलीआधी पाण्याचा प्रकार ठरवावा

सर्वांत जास्त घोळ या टप्प्यावर होतो, त्यामुळे इथे जरा थांबावे लागेल. हॉटेलच्या नावात ‘थर्मल’ हा शब्द आहे एवढ्यावर खोली पक्की करणे ही पहिली चूक, आणि छायाचित्रात दिसणारा तलाव सर्वांसाठी सदैव खुला असेल असे धरून चालणे ही दुसरी.

किझिलजाहमामच्या जुन्या झऱ्यांचे पाणी ४४ ते ४७ अंशांच्या आसपास बाहेर येते, आणि खोल विंधनविहिरींचे पाणी त्याहून बरेच गरम असते. गावातली कित्येक घरे हिवाळ्यात त्याच पाण्यावर उबदार ठेवली जातात. अंगावर घेण्यासाठी हे पाणी थंड करूनच कुंडात सोडावे लागते. म्हणून दोन हॉटेलांचे पाणी एकाच भूगर्भातून आलेले असले तरी त्यांच्या कुंडांचे तापमान वेगळे असू शकते.

राहण्याचे आणि स्नानाचे चार प्रकार इथे भेटतात. गावात सार्वजनिक स्नानगृहे आहेत, जिथे मुक्काम न करता शुल्क भरून स्नान करता येते. मोठी थर्मल हॉटेले आहेत, ज्यांच्या दरात बहुधा नाश्ता व रात्रीचे जेवण धरलेले असते. तिसरा प्रकार ‘देव्रेम्युल्क’, म्हणजे वर्षातल्या ठरावीक आठवड्यांपुरती मालकी विकलेल्या सदनिकांची संकुले. चौथा प्रकार म्हणजे गावापासून दूर डोंगरात असलेले सेय हमामसारखे ठिकाण, जिथे शांतता मिळते पण स्वतःचे वाहन नसेल तर संध्याकाळनंतर माणूस अडकून पडतो.

देव्रेम्युल्कमधल्या सदनिका संकेतस्थळांवर स्वस्तात भाड्याने दिसतात आणि कुटुंबांना त्यांचा मोह पडतो. त्यात गैर काही नाही; स्वयंपाकघर मिळते, माणशी खर्च कमी येतो. मात्र सदनिका मालकाची आणि कुंड संकुलाचे, अशी ही विभागणी असल्यामुळे भाडेकरूला कुंडाचे शुल्क वेगळे भरावे लागेल का, हे आधी विचारले नाही तर तिथे हुज्जत घालावी लागते. शिवाय अशी काही संकुले गावाच्या बाहेर असतात. मोफत चहापानाच्या आमंत्रणामागे आठवडे विकण्याचे लांबलचक निवेदन असू शकते. सुट्टीचे दोन तास त्यात घालवायचे नसतील तर हसून नकार द्यावा.

कुंडांचेही तीन प्रकार आहेत. पहिल्यात स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र विभाग किंवा वेगवेगळ्या वेळा असतात. पाट्यांवर स्त्रियांसाठी ‘कादिन’ किंवा ‘बायान’ आणि पुरुषांसाठी ‘एर्केक’ किंवा ‘बाय’ असे लिहिलेले असते. दुसरा ‘कार्मा’, म्हणजे एकत्र तलाव. तिसरा ‘आइले बान्योसू’, म्हणजे तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळणारी, आतून कडी लावता येणारी कौटुंबिक स्नानाची खोली. पती-पत्नी, लहान मुले किंवा आधाराशिवाय पाण्यात उतरू न शकणारे आई-वडील बरोबर असतील तर माझ्या मते कौटुंबिक खोलीच घ्यावी. एकत्र तलावात आजीचा हात धरून पायऱ्या उतरवणे आणि त्याच वेळी अनोळखी माणसांच्या नजरा टाळणे, हे दोन्ही एकदम साधत नाही.

तपासा: खोली पक्की करण्यापूर्वी हॉटेलला पुढील प्रश्न लेखी पाठवावेत आणि उत्तर जपून ठेवावे.

- कुंडातले पाणी झऱ्याचे आहे की तापवलेले साधे पाणी आहे, आणि त्याचे तापमान किती असते?
- कुंड एकत्र आहे की वेगळे, आणि वेगळे असल्यास दोघांच्या वेळा कोणत्या?
- कुंड रिकामे करून धुण्याचा वार आणि वेळ कोणती?
- खोलीतल्या न्हाणीघरात थर्मल पाण्याचा नळ आहे का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण ज्येष्ठांसाठी तो फार उपयोगाचा आहे. खोलीतच टबमध्ये झऱ्याचे पाणी मिळत असेल तर ओल्या अंगाने थंड बोळातून चालत जावे लागत नाही.

पती-पत्नींच्या पारपत्रांवर आडनावे वेगळी असतील, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. परदेशी पाहुण्यांकडे ते क्वचितच मागितले जाते. मात्र कौटुंबिक खोलीच्या खिडकीवर कुणी विचारलेच तर वाद न होता काम होते.

## टप्पा ३: तारखा निवडणे

अंकाराच्या रहिवाशांसाठी हे सुट्टीचे जवळचे ठिकाण आहे, त्यामुळे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार या काळात दरही चढतात आणि कुंडेही भरतात. सोमवार ते गुरुवार असा मुक्काम ठेवावा. दोन्ही ईदच्या सुट्ट्या आणि जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होणारी शाळांची मध्यंतराची सुट्टी टाळावी. तुर्कस्तानातील राजकीय पक्षांची शिबिरे इथल्या मोठ्या हॉटेलांत भरण्याची प्रथा आहे. अशा वेळी अख्खे हॉटेल आरक्षित होते आणि रस्त्यावर पोलिसांची तपासणी असते. म्हणून आरक्षण करताना त्या दिवसांत एखादे संमेलन आहे का, हे विचारून घ्यावे.

डोंगर आणि कुंड दोन्ही हवे असतील तर मे-जून किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. हिवाळ्यात बर्फ पडते आणि कुंडाची मजा दुप्पट होते, पण वरच्या रस्त्यांचा भरवसा नसतो. रमजानात लहान गावांतली काही खाणावळी दिवसा बंद असतात. बेत बदलण्याइतकी ही अडचण नाही, मात्र दुपारच्या जेवणाची सोय आधी पाहावी.

## टप्पा ४: व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. शेंगेन गटातील देश, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी एकाचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना ज्याच्याकडे आहे, त्यालाच तो मिळतो. तो एकदाच प्रवेश देतो आणि मुक्काम ३० दिवसांपर्यंत मर्यादित असतो. इतर सर्वांनी दूतावासामार्फत पारपत्रावर चिकटवला जाणारा व्हिसा काढावा. मुंबईत तुर्कस्तानचा महावाणिज्य दूतावास आहे. यासाठी किमान महिना-दीड महिना हाताशी ठेवावा.

इथे घडणारी ठरलेली चूक अशी: ई-व्हिसाचा अर्ज भरताना संकेतस्थळ आधाराच्या, म्हणजे वरीलपैकी एखाद्या देशाच्या, व्हिसाची प्रत मागत नाही, फक्त अटी मान्य आहेत अशी खूण करायला सांगते. पैसे भरले की ई-व्हिसा हातात येतो, आणि प्रवासी निर्धास्त होतो. तपासणी नंतर होते, मुंबईच्या विमानतळावर किंवा इस्तंबूलला उतरल्यावर, आणि आधाराचा व्हिसा नसेल किंवा प्रवेशाच्या दिवशी त्याची मुदत संपलेली असेल तर माणूस तिथून परत फिरतो. आधाराचा व्हिसा स्वतः ई-व्हिसा असेल तर तो चालत नाही. ब्रिटनमध्ये निवास परवान्याचे कार्ड जाऊन ऑनलाइन नोंद आली आहे, त्यामुळे तिथल्या भारतीय पारपत्रधारक मराठी मंडळींनी अर्ज करण्यापूर्वी तुर्की दूतावासाकडून लेखी खुलासा घ्यावा.

इशारा: ई-व्हिसा काढून देतो म्हणणारी, सरकारी वाटावी अशी नावे असलेली खासगी संकेतस्थळे भरपूर आहेत आणि ती जादा शुल्क घेतात. तुर्कस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अर्ज करावा.

पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने असावी. प्रवास विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचा रकाना खरा भरावा. गुडघे आणि रक्तदाब लपवून घेतलेला विमा नेमका याच प्रवासात निरुपयोगी ठरतो.

## टप्पा ५: सामान

रबरी तळाच्या, पाण्यात न घसरणाऱ्या चपला प्रत्येकी एक जोड. पोहण्याचा पोशाख दोन, कारण डोंगराळ हवेत एक रात्रीत वाळत नाही. पोहण्याची टोपी, जिला तिथे ‘बोने’ म्हणतात. ती नसल्यास अनेक कुंडांत उतरू देत नाहीत. सुती साडी, सलवार किंवा बर्म्युडा घालून पाण्यात उतरण्याची सवय असलेल्यांनी ती इथे सोडावी. अंग झाकायचे असेल तर पूर्ण बाह्यांचा, पोहण्याच्या कापडाचाच पोशाख न्यावा. तुर्कस्तानात तो सर्रास वापरला जातो आणि कुणी वळूनही पाहत नाही. उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर हवा.

चांदीचे पैंजण, जोडवी, अंगठ्या घरीच ठेवाव्यात. खनिजयुक्त पाण्यात चांदी काळवंडते. मंगळसूत्र काढायचे नसेल तर साध्या काळ्या पोतीचे घालून जावे.

## टप्पा ६: अंकाराहून गावात पोहोचणे

इस्तंबूलहून अंकाराला जलद रेल्वेने साधारण साडेचार तास लागतात. विमानाने येणाऱ्यांनी एक गोष्ट नकाशावर पाहून घ्यावी. अंकाराचा एसेनबोआ विमानतळ शहराच्या उत्तर बाजूला आहे आणि किझिलजाहमामही उत्तरेलाच आहे. त्यामुळे आधी शहरात जाऊन मग परत वर येण्यापेक्षा विमानतळावरूनच भाड्याची गाडी किंवा हॉटेलची गाडी घेतली तर वेळ वाचतो. अंकारा पाहायचे असल्यास ते परतीच्या वाटेवर पाहावे.

बसने जायचे असल्यास अंकाराचे मोठे बसस्थानक ‘आश्ती’ हे अंकाराय या मेट्रोमार्गाचे टोक आहे. तालुक्यांना जाणाऱ्या छोट्या बस लांब पल्ल्याच्या बसपेक्षा वेगळ्या जागेवरून सुटतात. त्यामुळे त्या दिवशी किझिलजाहमामची बस कोठून सुटते आणि शेवटची किती वाजता, हे हॉटेलकडून आदल्या दिवशी विचारून घ्यावे. इस्तंबूलचे प्रवासकार्ड अंकाराच्या मेट्रोत चालत नाही; अंकाराचे कार्ड वेगळे असते. पैसे अंकारातच लीरा या तुर्की चलनात बदलून घ्यावेत.

स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी भारतीय परवान्याबरोबर आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. डिसेंबर ते मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर असल्याची खात्री चावी घेण्यापूर्वी करून घ्यावी. महामार्ग स्वच्छ असला तरी डोंगराच्या सावलीत असलेल्या वळणांवर दुपारपर्यंत बर्फाचा काचेसारखा थर राहतो, आणि तो डांबरावर दिसत नाही.

तपासा: नकाशावर ठिकाण शोधताना तालुक्याचे नाव बघून घ्यावे. काराग्योल नावाचे तळे अंकारा प्रांतातच दोन ठिकाणी आहे: एक चुबुक तालुक्यात, दुसरे किझिलजाहमामच्या इशिक डोंगराजवळ. नुसते काराग्योल टाकून निघालेला प्रवासी भलत्याच दिशेला पोहोचतो.

## टप्पा ७: सकाळ डोंगरासाठी

आधी कुंड आणि मग डोंगर, हा क्रम चुकीचा आहे. गरम पाण्यातून निघालेले शरीर सैल पडते, दाब उतरलेला असतो, अंग घामेजलेले असते; अशा अवस्थेत थंड वाऱ्यात चढण चढणे म्हणजे भोवळीला बोलावणे. सकाळ डोंगराला द्यावी आणि संध्याकाळ पाण्याला.

गावाला लागूनच सोउकसु राष्ट्रीय उद्यान आहे. १९५९ साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. सूचिपर्णी झाडांचे दाट जंगल आणि त्यातल्या जुन्या झाडांवर घरटी करणारे काळे गिधाड ही त्याची ओळख. पंख पसरल्यावर जवळजवळ तीन मीटर भरणारा हा पक्षी सकाळी ऊन तापून हवा वर चढू लागली की आकाशात दिसतो. म्हणून पहाटे धावपळ करण्यापेक्षा नऊ-दहाच्या सुमारास मोकळ्या जागी बसून वर पाहावे. विणीच्या काळात, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत, घरट्याच्या झाडाजवळ जाऊ नये. एकदा बिथरून उडालेली मादी परत येईपर्यंत अंडे गार पडू शकते, आणि हा पक्षी वर्षाला एकच अंडे घालतो.

पायवाट सोडून आत शिरू नये. या डोंगरात रानडुक्कर, लांडगा आणि अस्वल यांचा वावर आहे. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने जंगलात जाण्यावर किंवा चूल पेटवण्यावर बंदी घातली जाते. पाटी कळली नाही तर फाटकावरच्या माणसाला विचारावे.

गाडी असेल तर ग्युवेमकडच्या रस्त्यावर बेसॉल्टचे खांब पाहावेत. लाव्हा निवताना आकुंचन पावून तडकतो आणि त्यातून षटकोनी स्तंभ तयार होतात. ज्यांनी अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, फक्त इथे तो इमारतींच्या गराड्यात नसून उघड्या रस्त्याकडेला आहे. खालून पाहावे, पायथ्याशी फार वेळ उभे राहू नये, कारण सुटे तुकडे खाली येतात. या भागात वनस्पती आणि कीटकांचे ठसे असलेले जीवाश्मही सापडतात. ते उचलून सामानात टाकू नयेत. तुर्कस्तानात प्राचीन वस्तू आणि जीवाश्म यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सापडल्यास प्रकरण पोलिसांकडे जाते.

दुपारी दोनपर्यंत परत यावे, हलके जेवावे आणि तासभर पडावे.

## टप्पा ८: पाण्यात उतरण्याचा क्रम

जेवणानंतर किमान दीड तास गेलेला असावा आणि पोट अगदी रिकामेही नसावे. मद्यपान केलेले नसावे. पेलाभर साधे पाणी प्यावे.

१. कपाटाची किल्ली बहुधा मनगटाच्या पट्ट्यावर मिळते. कपडे तिथेच काढावेत, अंगाला पेश्तेमाल हे पातळ चौकड्यांचे वस्त्र गुंडाळावे आणि चपला बदलाव्यात. स्वतंत्र विभागातही पुरुषांनी पूर्ण विवस्त्र होऊ नये. तिथे ते असभ्य समजले जाते.

२. साबण लावून पूर्ण स्नान करावे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर आपण पाण्यात उतरून मग अंग चोळतो, इथे मात्र स्वच्छ होऊनच पाण्यात उतरायचे असते. केसांना तेल असेल तर ते धुऊन काढावे आणि मग टोपी घालावी. तेलाचा तवंग पाण्यावर दिसला की सेवक बाहेर यायला सांगतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

३. हमामचा भाग असेल तर तिथे भिंतीलगत संगमरवरी द्रोणी असते, तिला कुर्ना म्हणतात. तिच्यात साबणाचा हात किंवा पाय बुडवू नये. तांब्यासारख्या वाटीने पाणी काढून आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर घ्यावे. पाचेक मिनिटे असे करत राहिल्यास शरीर उष्णतेला सरावते. ही पायरी गाळून थेट कुंडात उडी घेणाऱ्यांनाच पुढे भोवळ येते.

४. कठडा धरून एकेक पायरी उतरावी. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि एक-दोन मिनिटांनी छातीपर्यंत. कुंडात पाणी जिथून पडते त्या तोंडाशी पुष्कळदा तांबूस-पिवळसर, खरखरीत थर साचलेला असतो. ती घाण नसून खनिजांचा साका आहे. परंतु तो दिसला की समजावे, इथे पाणी सर्वांत गरम आहे, आणि त्यापासून लांबच्या कडेला बसावे. पाणी ४२ अंशांहून गरम असल्यास पाय सोडून बसणे पुरेसे आहे.

५. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, दुसऱ्या दिवशीपासून पंधरा. अंग सुखावते तेव्हा वेळेचे भान राहत नाही, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसावे. डोके पाण्याखाली घालू नये, पाणी तोंडात घेऊ नये. छातीत धडधड वाढली, कानात आवाज येऊ लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता बाहेर यावे.

६. बाहेर येताना झटकन उभे राहू नये. आधी पायरीवर कमरेपर्यंत पाण्यात बसून अर्धे मिनिट थांबावे, मग कठडा धरून चढावे. या सगळ्या प्रकारात माणसे पडतात ती बहुधा याच क्षणी: दाब उतरलेला, तळपाय भिजून मऊ पडलेले आणि फरशी गुळगुळीत.

७. टॉवेल गुंडाळून अर्धा तास आडवे व्हावे आणि पाणी प्यावे. त्यानंतर इच्छा असेल तरच दुसऱ्यांदा उतरावे. दिवसातून दोनदा पुरे.

८. ‘केसे’, म्हणजे खरखरीत हातमोज्याने अंग घासून घेणे, हे शेवटी ठेवावे. त्वचा भिजलेली असल्याने मळाच्या वळ्या निघतात आणि समाधान वाटते, पण घासलेल्या त्वचेने पुन्हा गरम खनिज पाण्यात उतरल्यास अंग चुरचुरते. स्त्रियांच्या विभागात हे काम स्त्रियाच करतात. दर आधी विचारावा आणि जोर कमी हवा असल्यास ‘याव्हाश’, म्हणजे हळू, असे म्हणावे.

इशारा: दहा वर्षांखालील मुलांना गरम कुंडात पाच मिनिटांहून जास्त ठेवू नये, तान्ह्या मुलांना उतरवूच नये. मोठ्यांना सुखद वाटणाऱ्या पाण्यात लहान शरीर फार लवकर तापते. ज्येष्ठ माणसाला एकटे सोडू नये. विभाग वेगळे असतील आणि बरोबर त्या विभागात जाऊ शकणारे कुणी नसेल, तर कौटुंबिक खोली हाच मार्ग.

त्रास झाल्यास माणसाला आडवे करून पाय उंच करावेत आणि गारव्यात न्यावे. दोन-तीन मिनिटांत आराम न पडल्यास ११२ हा तातडीचा क्रमांक लावावा. रात्री औषध लागल्यास ‘न्योबेत्ची एज्झाने’, म्हणजे त्या रात्रीसाठी पाळीने उघडे राहणारे औषधांचे दुकान कोणते, हे कोणत्याही बंद औषध दुकानाच्या दारावर लिहिलेले असते.

## टप्पा ९: खाणे-पिणे

किझिलजाहमामचे बाटलीबंद खनिज पाणी तुर्कस्तानात प्रसिद्ध आहे आणि जेवणाबरोबर ते छान लागते. मात्र त्यात क्षार असतात, त्यामुळे मीठ वर्ज्य असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते तहान भागवण्यासाठी पिऊ नये. कुंडातून आल्यावर साधे पाणीच प्यावे.

शाकाहारी मंडळींनी ‘एत्सिझ’ म्हणजे मांसाविना, एवढे सांगून थांबू नये, कारण कोंबडी त्यात धरली जात नाही असा समज असणारे आचारी भेटतात. मसुराचे सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते, आणि राजम्यासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या घेवड्याच्या भाजीतही मांसाचे तुकडे निघतात. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढल्या जाणाऱ्या ‘झेयतिन्यालि’ भाज्या, चीज किंवा बटाट्याचे सारण भरलेल्या ‘ग्योझलेमे’ नावाच्या पातळ पोळ्या, आणि भरपूर न्याहारी यांवर दोन-तीन दिवस सहज निघतात.

## टप्पा १०: निघण्याचा दिवस

निघण्याच्या सकाळी कुंडात उतरू नये, विशेषतः गाडी स्वतः चालवायची असेल तर. सैलावलेल्या अंगाने घाटातून उतरताना झोप अनावर होते. शेवटचे स्नान आदल्या संध्याकाळी उरकावे, ओले कपडे रात्रीच खोलीतल्या गरम नळ्यांवर वाळत घालावेत आणि सकाळी ते वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरावेत.

हॉटेल सोडताना मनगटाची किल्ली आणि भाड्याचे पेश्तेमाल परत करून त्यांची अनामत मागून घ्यावी, कारण ती आपणहून परत केली जाईलच असे नाही. कुंडाचे शुल्क खोलीच्या दरात धरलेले होते असे टप्पा २ मधल्या लेखी उत्तरात असेल, तर बिलात ते पुन्हा लावले आहे का, हे पाहून मगच पैसे भरावेत. आंतरराष्ट्रीय विमान एसेनबोआहून असल्यास प्रवासाचा वेळ धरून पाच तास आधी गाव सोडावे. हिवाळ्यात बर्फ पडत असेल तर आदली रात्र अंकारात काढावी.